भरल्या पंगतीत

आमची आई चर्चमध्ये नेहमी बाकाच्या कडेला बसायची, मधल्या वाटेकडच्या जागेवर. तिथं बसलं की वारा लागतो, वेदी सरळ समोर दिसते आणि कम्युनियनच्या वेळी अख्ख्या बाकाला तुमचे गुडघे ओलांडून जावं लागतं. पहिली दोन कारणं आई मोठ्यानं सांगायची. तिसरं कधी सांगितलं नाही, पण ती जागा तिनं तिसऱ्या कारणासाठीच धरली होती, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही.

ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. रविवारची मिस्सा, म्हणजे उपासना, संपत आली की सगळे रांगेनं वेदीपुढे जातात आणि फादर प्रत्येकाच्या तळहातावर एक पातळ पांढरी चकती ठेवतात. हा ख्रिस्तप्रसाद, म्हणजेच कम्युनियन. आमच्या लेखी ती नुसती चकती नसते, प्रभू स्वतः असतो. आईसाठी तर आठवड्याचं खरं जेवण तेच. बाकीचे सहा दिवस ती त्यावर काढते असं ती म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. सोमवारी ती वेगळीच हसरी असायची.

मी लग्न करून पुण्याला गेले आणि काही वर्षांनी एक सुटकेस घेऊन नाशकात परत आले. नवऱ्याचं दुसरीकडे बिऱ्हाड होतं. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. वडील तेव्हा होते. ओझरला विमानाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला माणूस, बोलायचा कमी. त्यांनी माझी सुटकेस जिन्यावरून उचलून आणली आणि आईला म्हणाले, हिचा चहा टाक. वकीलही त्यांनीच शोधला. कोर्टातून घटस्फोट झाला आणि मी इथल्याच एका शाळेत गणित शिकवायला लागले. माझा आवाज तीन वर्गांपलीकडे जातो. हे मी कौतुकानं सांगत नाही, मुख्याध्यापक तक्रार म्हणून सांगतात.

घटस्फोटाचा निकाल लागल्यानंतरचा पहिला रविवार. मी रांगेत होते आणि आई माझ्या मागे. समोर आमचे जुने फादर. त्यांनीच माझा बाप्तिस्मा केलेला, तिसरीत असताना पहिल्या कम्युनियनची शिकवणीही त्यांचीच. माणूस कडक, पण कोणाच्या घरी आजारपण आलं की सायकलवरून सगळ्यात आधी पोचणारा. मी हात पुढे केला. फादरांनी माझ्याकडे पाहिलं, हातातली चकती परत भांड्यात ठेवली आणि अंगठ्यानं माझ्या कपाळावर क्रूस काढला. तान्ह्या मुलांना काढतात तसा. ज्यांना अजून कम्युनियन घेता येत नाही, त्यांना आशीर्वाद म्हणून.

मला कानापर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. मी वळले. सगळं चर्च बघत होतं, आणि आमच्या चर्चमध्ये बघण्यात कोणी कसूर करत नाही. माझ्या मागे आई होती, तिचा नंबर आला. फादरांनी तिच्यासाठी चकती उचलली. आईनं हात जोडले, नमस्कार केला आणि रिकाम्या हातानं माझ्यामागोमाग बाकावर येऊन बसली.

घरी येऊन मी भांडी आपटत होते. म्हटलं, तू का नाही घेतलंस?

आई म्हणाली, "भरल्या पंगतीतून तुला उठवलं. मी तिथं बसून कशी जेवू?"

एवढंच. त्यानंतर बरीच वर्षं तिनं ख्रिस्तप्रसाद घेतला नाही.

यात बंडखोरीबिंडखोरी काही नव्हती. माझ्यात होती, तिच्यात नव्हती. चर्चच्या वेदीवरचे कपडे धुवायचं काम तिच्याकडे होतं आणि ते तिनं एक शनिवारही चुकवलं नाही. फादर पाय घसरून पडले तेव्हा महिनाभर डबा आमच्या घरून गेला, त्यात मऊ भात आणि फोडणीचं वरण. ती मिस्सेला जायची, गायची, गुडघे टेकायची. फक्त रांग लागली की आम्ही दोघी बसून राहायचो आणि अख्खा बाक "जरा हं, जरा हं" करत आईच्या गुडघ्यांवरून जायचा. मी म्हणायची, आई, आत सरक ना, लोकांना त्रास होतो. ती म्हणायची, होऊ दे थोडा.

पहिल्या वर्षी ईस्टर जवळ आला तेव्हा फादर घरी आले. चहा झाला, हवापाणी झालं. मग त्यांनी बशी खाली ठेवली. "बाई, तुमच्यावर काही बंदी नाही."

"माहीत आहे, फादर."

"ईस्टरला तरी घ्यायलाच हवं. चर्चचा नियम आहे. न घेणं हे पाप होतं."

"लेकरू उपाशी आहे, फादर."

"तिची गोष्ट वेगळी आहे. तिनं देवापुढे दिलेलं वचन कोर्टात जाऊन मोडलं."

"तिनं नाही मोडलं," आई म्हणाली. "पण ते राहू द्या. तुम्ही तुमचा नियम पाळा, मी माझा पाळते. कपडे शनिवारी मिळतील." आणि तिनं त्यांना आणखी अर्धा कप चहा ओतला.

मी आतल्या खोलीत दाराला कान लावून होते. मला वाटलं होतं ती रडेल किंवा चिडेल. ती नुसती चहा ओतत होती. दर महिन्याला ती त्याच फादरांकडे पापनिवेदनालाही जायची. मी एकदा विचारलं, हे सांगतेस का तिथं? ती म्हणाली, "पापं सांगायला जाते मी. हे कशाला सांगू?"

मला ते सहन व्हायचं नाही. माझ्यामुळे आपली आई उपाशी राहते, हे दर रविवारी शेजारी बसून बघायचं म्हणजे काय असतं, ते ज्याचं त्यालाच कळेल. मी युक्त्या केल्या. मी चर्चला जाणंच बंद केलं, म्हटलं आता तर घेशील. ती एकटी गेली, बसली, तशीच परत आली. "तू घरी बसलीस म्हणून तुझं पोट भरलं का?" मग म्हटलं, चल, दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ, तिथं आपल्याला कोण ओळखतं, मीही घेईन, तूही घे. त्यावर मात्र ती रागावली. म्हणाली, "आपल्याच घरचं अन्न चोरून का खायचं?"

मग मी चिडवण्यावर आले. त्याला कारण होता आमचा कढीपत्ता. वेदीवरच्या कपड्यांचं एक शास्त्र आहे. त्यांत ख्रिस्तप्रसादाचा एखादा कण अडकलेला असू शकतो, म्हणून ते आधी नुसत्या पाण्यात बुडवून काढायचे आणि ते पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, मातीत ओतायचं, जिथं कोणाचा पाय पडत नाही अशा जागी. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अशी माती कुठली? म्हणून गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी. दर शनिवारी आई ते पाणी त्या कुंडीत ओतायची, आणि तो कढीपत्ता असा माजला होता की समोरची काकू, खालचे जोशी, सगळे आमच्याकडून न्यायचे. मी म्हणायची, तुझ्या कढीपत्त्याचं कम्युनियन बरं चालू आहे, तुझंच तेवढं बंद. आणि त्याची फोडणी आपण वरणात घालतो, तो डबा फादरांना जातो, म्हणजे एकूण हिशेब काय झाला बघ. आई म्हणायची, गप बस, देवाच्या गोष्टींत गणित घालू नकोस. पण पदर तोंडाला लावून हसायची.

समोरची काकू वणीची. वर्षातून एकदा गड चढून यायची आणि देवीचे पेढे आणायची. तिला आमचं सगळं माहीत होतं, कारण तिला सगळ्यांचंच सगळं माहीत असतं. एकदा पेढा आईच्या हातावर ठेवत म्हणाली, "मावशी, तुमच्याकडचा प्रसाद बंद आहे, तोवर आमच्या आईचा घ्या." आईनं पेढा खाल्ला, तिच्या गालावरून हात फिरवला. काकू गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "गोड होता. पण ते ते आहे."

वडील गेले. जुने फादर थकले आणि वयस्कर धर्मगुरूंच्या घरात राहायला गेले. मधे दोन-तीन फादर आले आणि बदलून गेले. आम्ही दोघी बसून राहणाऱ्या आहोत, हे चर्चला खांबासारखं सवयीचं झालं होतं. कोणी विचारलं नाही आणि आम्हीही कोणाला विचारलं नाही. आमच्याकडे फादर एकदा बोलले की विषय संपला. ते बरोबर बोलले का, हे दुसऱ्या फादरांना विचारायचं कोणाला सुचत नाही.

गेल्या थंडीत आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि ती पलंगाला खिळली. हृदयही कमजोर झालंय, डॉक्टर म्हणाले. त्याच सुमारास नवे फादर आले होते. तरुण, पेठकडच्या डोंगरातले, बोलणं मऊ, आणि स्कूटर मात्र द्वारका चौकातल्या रिक्षावाल्यांसारखी चालवणारे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ते आजारी माणसांना घरी ख्रिस्तप्रसाद द्यायला निघायचे. आमच्याकडेही आले. टेबलावर पांढरा कपडा अंथरला होता, आईनंच कधीकाळी खळ देऊन ठेवलेला. फादरांनी छोटी डबी उघडली.

आई म्हणाली, "आधी तिला."

फादर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, मला चालत नाही. का, त्यांनी विचारलं. मी उभ्या उभ्या चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी डबी बंद केली आणि खुर्ची ओढून बसले.

"तुम्ही दुसरं लग्न केलंत?"

"नाही. पहिलंच अजून पुरतंय."

"मग तुम्हाला बंदी नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हती. नुसत्या कोर्टाच्या घटस्फोटानं कोणाचं कम्युनियन बंद होत नाही. दुसरं लग्न केलं तर प्रश्न येतो."

फादर अवघडून म्हणाले की जुन्या वळणाचे काही लोक तसं समजायचे, कोर्टाची पायरी चढणं म्हणजेच पाप. ते चूक होतं. मी त्यांना काय काय बोलले, ते इथं लिहीत नाही. बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. मान खाली घालून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझा आवाज ऐकून समोरची काकू दारात येऊन उभी राहिली.

आईनं काकूला आत यायची खूण केली. मग म्हणाली, "म्हणजे स्वयंपाक तयार होता आणि आपण उपाशी बसलो."

"कोणामुळे, ते बघ ना," मी म्हटलं.

"वाढप्याची चूक," आई म्हणाली. "यजमानाची नाही."

फादरांनी डबी परत उघडली. आता तरी घ्या आजी, दोघींना देतो. आईनं मान हलवली. "तिला भरल्या पंगतीतून उठवलं होतं. भरल्या पंगतीतच बसवा. मग मला द्या."

"आजी, तुमची तब्येत..."

"तोवर मी कुठं जात नाही."

पुढच्याच रविवारी सगळं मिटलं असतं. पण मी अडून बसले. मला नकोच होतं ते आता. एवढी वर्षं दार बंद होतं, आणि आता कळलं की कडी लावलेलीच नव्हती, तर मी काय धावत आत जाऊ? कोणी येऊन सांगितलं का, की आमचं चुकलं? आईला मी हे सगळं ऐकवलं. मला वाटलं ती म्हणेल, माझ्यासाठी तरी जा. ती तसं म्हणाली असती तर मी गेलेही असते, दात-ओठ खात. ती म्हणाली, "तुझं पोट, तुझी भूक. मी थांबते."

अशी माणसं घरात असली की भांडायलासुद्धा कोणी उरत नाही.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला आणि त्यातच आईच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात तिला नळ्या लावल्या. नवे फादर तिथंही डबी घेऊन आले आणि आईनं तिथंही मान हलवली. ते गेल्यावर मी तिच्या पलंगाशी बसून रडले. म्हटलं, तुला काही झालं तर मी त्या नियमाला माफ करणार नाही आणि तुलाही नाही.

ती म्हणाली, "मग मला काही होऊ देऊ नकोस," आणि डोळे मिटून झोपली.

ती घरी आली, पण अर्धी होऊन. पवित्र आठवडा तोंडावर होता. चर्चच्या सिस्टरांनी वेदीच्या कपड्यांची पिशवी आणून दिली आणि ओशाळून म्हणाल्या, यावेळी दुसऱ्या कोणाला देऊ का? आई पलंगावरून म्हणाली, "ठेवा. ही धुईल."

मी त्या कपड्यांना आजवर हात लावला नव्हता. आई आतून सांगत होती आणि मी करत होते. आधी नुसत्या पाण्यात, पिळायचं नाही. ते पाणी कुंडीत. मग साबण, मग खळ, मग ओलसर असतानाच इस्त्री. आधी उभ्या दोन घड्या, मग आडव्या दोन, म्हणजे उघडल्यावर चौकोन मधोमध येतो. त्या चौकोनावर पेला राहतो. मी इस्त्री फिरवत होते आणि आई आतून विचारत होती, कड सरळ आली का, डाग राहिला का. ज्या ताटावर आपण बसायचं नाही, ते ताट हिनं दर आठवड्याला असं पुसून मांडलं. मला इस्त्री बाजूला ठेवावी लागली. तिला वाटलं कपडा जळला. "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही, घडी चुकली. "मग मोड आणि परत घाल," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी मी नव्या फादरांकडे पापनिवेदनाला गेले. इतक्या वर्षांनी काय सांगायचं? म्हटलं, राग येतो. त्यांनी विचारलं, कोणाचा? तुमच्या खात्याचा, मी म्हटलं. जाळीपलीकडे ते हसले असावेत. प्रायश्चित्त दिलं, आईला चहा करून द्या, न बोलता. त्यातला "न बोलता" हा भाग मला फार कठीण गेला.

ईस्टरच्या सकाळी चर्च फुललं होतं. आईजवळ काकू बसली होती. मी एकटीच गेले आणि बाकाच्या कडेला, आईच्या जागेवर बसले. वेदीवर पाहिलं तर नव्या फादरांशेजारी खुर्चीत जुने फादर. सणासाठी त्यांना गाडी करून आणलं होतं. अंगावरचा झगा सैल झाला होता. कम्युनियनला दोन रांगा लागल्या, एक नव्या फादरांपुढे, एक जुन्यांच्या खुर्चीपुढे. यावेळी कोणाला गुडघे ओलांडावे लागले नाहीत, कारण आमच्या बाकातून सगळ्यात आधी मी उठले.

नव्या फादरांनी मला पाहिलं आणि डोळ्यांनी खुणावलं, इकडे या. मी गेले नाही. मी जुन्या फादरांच्या रांगेत उभी राहिले. वर्गात फळ्यापुढे उभ्या केलेल्या पोरीसारखी.

फादरांनी मान वर केली. ओळखलं, ते मला कळलं. त्यांचा अंगठा भांड्याच्या कडेवर होता, तोच अंगठा. मी हात पुढे केला. त्यांनी चकती उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ख्रिस्ताचं शरीर."

यावर आमेन म्हणायचं असतं, मी चकतीकडेच बघत राहिले. मागे रांग थांबली. फादर वाट बघत राहिले, तिसरीतल्या शिकवणीत बघायचे तशीच, घाई न करता. मग हळूच म्हणाले, "आमेन म्हण, बाळ."

"आमेन," मी म्हटलं, आणि खाल्लं.

मिस्सा संपल्यावर मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. ते माझ्या दंडाला धरून चालत होते. म्हणाले, आज कपड्याची घडी वेगळी होती. मी म्हटलं, मी घातली. हं, ते म्हणाले. गाडीपाशी थांबले. "नव्या फादरांनी सांगितलं मला. माझं चुकलं, बाळ. मोठं चुकलं."

"हो फादर," मी म्हटलं. "चुकलं."

मी त्यांना आत बसवलं, झगा दारात अडकत होता तो आत घेतला आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी विचारलं, बाई माझ्यावर रागावल्या असतील? मी म्हटलं, रागवायला तिला वेळ कुठं होता, दर शनिवारी तुमचेच कपडे धूत होती.

नवे फादर मला स्कूटरवर मागे बसवून घरी घेऊन आले, डबी खिशात, एक हात खिशावर. म्हणजे ट्रॅफिकमध्ये एकाच हातानं चालवत. माझ्या आयुष्यात मी एवढी प्रार्थना केली नसेल.

काकूनं दार उघडलं. "बघा तुम्ही. मावशींनी सकाळपासून चहाचा घोट घेतला नाही. ख्रिस्तप्रसादाआधी काही खायचं-प्यायचं नाही म्हणे, आजाऱ्याला चालतं म्हटलं तरी नाही." आई उशांना टेकून बसली होती. केस विंचरलेले, स्वच्छ पातळ, काकूनं नेसवलेलं. टेबलावर कपडा अंथरलेला होता. फादरांनी डबी उघडली, चकती उचलली, तिच्यापुढे धरली आणि थांबले, कारण आई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"जेवलीस?"

"जेवले, आई."

मग तिनं तोंड उघडलं.